पांझरेकाठची तोंडी परीक्षा

एप्रिल निम्मा सरला की जळगावची माणसं उन्हाबद्दल बोलायचंच सोडून देतात. बोलून काही उपयोग नसतो. गच्च्यांवर कुरडया वाळत असतात, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास गल्लीभर फिरतो, आणि शाळेवरून जाताना खिडक्यांतून ती एक वेगळीच शांतता येते. वार्षिक परीक्षेची. इतकी वर्षं शिकवूनही त्या शांततेजवळून जाताना माझी पावलं आपोआप हळू पडतात.

आता माझी नेमणूक मुलांच्या वर्गावर नाही. नव्या शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवावं हे मी शिकवते. गेल्या आठवड्यात अशाच एका प्रशिक्षणवर्गात मागच्या बाकावरची एक तरुण बाई उभी राहिली. पिंपळनेरच्या बाजूला कुठेशी तिची पहिली नेमणूक. म्हणाली, "मॅडम, पोरांना सगळं कळतं हो. उभं राहा म्हटलं की राहतात, दार लाव म्हटलं की लावतात. पण बोल म्हटलं की तोंडाला कुलूप. काय करायचं?"

फळ्यावर माझे मुद्दे सुबक अक्षरात लिहिलेले होते. आधी ऐकू द्या, मग बोलू द्या. हातात वस्तू द्या. चुका मोजू नका. ते सगळं खरंच आहे, पण माझ्या तोंडून निघालं भलतंच. "त्यांना नदीवर न्या," मी म्हटलं. वर्ग हसला. ती बिचारीही हसली, आणि मी पुढचा मुद्दा घेतला.

पण ते हसणं माझ्या मनात राहिलं. कारण मी थट्टा केली नव्हती.

गोष्ट जुनी. नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. धुळ्यात वाढलेली मुलगी मी. पांझरा मला ठाऊक होती ती शहरातली, पुलावरून दिसणारी. बदली झाली ती याच नदीच्या वरच्या अंगाला, साक्रीच्याही पुढे, एका छोट्या गावात. तिथली पांझरा निराळी. उन्हाळ्यात तिचं पात्र म्हणजे नुसती वाळू, मधोमध पोटरीएवढं पाणी, आणि वाळूत डांगरांच्या वाड्या. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. सकाळच्या शाळेला निघालं की पिकलेल्या डांगरांचा वास आणि मोहाच्या फुलांचा वास एकमेकांत मिसळून अंगावर यायचा. आजही बाजारात कुणी खरबूज कापलं की मला खडूची आठवण होते. आता याला कोण काय करणार!

शाळा सातवीपर्यंतची. पल्याडच्या काठावरच्या गावात शाळा नव्हती, म्हणून तिकडची पोरं चपला हातात घेऊन नदी ओलांडून यायची. माझ्याकडे पाचवी. त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, म्हणजे आयुष्यातला पहिला 'ए' पोरांना माझ्याकडून मिळायचा. ही जबाबदारी मला फार थोर वाटे. अजूनही वाटते.

मी माझ्या पद्धतीनं शिकवायचे. दिवाळीपर्यंत पुस्तक उघडायचं नाही, हा माझा हट्ट. खांद्याला एक कापडी पिशवी, तीत लिंबू, बांगडी, लोटा, कांदा, कुलूप. डोळे मिटून हात घालायचा, चाचपायचं आणि नाव सांगायचं. मग हुकमाचा खेळ. 'गो टु द डोअर', 'टच युअर नोज', 'गिव्ह द अनियन टु सुभाष'. चिंध्यांची एक बाहुली होती, मैना नावाची. मैना सारखी चुकायची. लिंबाला कांदा म्हणायची, आणि अख्खा वर्ग तिला ओरडून दुरुस्त करायचा. स्वतः चुकायला भिणारी पोरं दुसऱ्याची चूक काढायला किती उतावीळ असतात हे मला मैनेनं शिकवलं. वारांची नावं आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणायचो. शेजारच्या वर्गातले मास्तर म्हणायचे, "बाई, तुमचा वर्ग म्हणजे यात्रा." म्हणेनात का. यात्रेत कुणाला झोप येत नाही.

एकच अडचण होती. सगळ्यांनी मिळून बोलायचं म्हटलं की छप्पर उडेल एवढा आवाज. एकट्यानं म्हटलं की सामसूम. पोरगे निदान पुटपुटायचे, पोरी तर नाहीच. आणि त्यांत कोकिळा.

नाव कोकिळा, आणि वर्षभरात तिचा आवाज मी ऐकलेला नाही. काळीसावळी, तरतरीत डोळ्यांची. हुकमाच्या खेळात सगळ्यांत आधी तीच उठणार. 'पुट द बँगल अंडर द टेबल' म्हटलं की इतरांनी टेबल शोधेपर्यंत हिची बांगडी ठेवून झालेली असे. पण 'कोकिळा, यू से इट' म्हटलं की नजर जमिनीवर. पोरं चिडवत. मी रागवायचे, आणि ती आणखीच मिटायची.

तिचे वडील दगाभाऊ. नदीतली सगळ्यांत मोठी डांगरवाडी त्यांची. माणूस सरळ, पण एकदा बोलला की बोलला. परीक्षेच्या आधी त्यांनी मला वाटेत गाठून सांगून टाकलं, "बाई, पोर पास व्हयनी ते सहावीमा जाई. नही ते आखाजी व्हयनी की घर बठी." म्हणजे नापास झाली तर अक्षयतृतीयेनंतर शाळा बंद. त्यात दुष्टावा नव्हता. गावात निम्म्या पोरींचं असंच चालायचं. पण मला त्या पोरीच्या डोक्यात काय काय साठलंय ते माहीत होतं, आणि ते सगळं आता चुलीपाशी जाऊन बसणार होतं.

लेखी पेपर झाले. तोंडी परीक्षा मोठे गुरुजी घेणार. आमचे मुख्याध्यापक, गावात त्यांना कुणी नावानं ओळखतच नव्हतं, मोठे गुरुजी म्हणजे मोठे गुरुजी. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आवाज हळू पण दरारा असा की ते व्हरांड्यात आले की चिमण्याही गप्प होत. कोकिळा त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. त्यांनी लेखणी उचलून विचारलं, "व्हॉट इज धिस?" तिच्या पायाचा अंगठा फरशीवर फिरत राहिला. गुरुजी थांबले. खरोखर बराच वेळ थांबले. त्यांना दोष देता येणार नाही. मग त्यांनी तिला जायला सांगितलं.

मी त्यांच्याशी भांडले. हो, भांडलेच, तेव्हा माझं रक्त गरम होतं आणि आजही फारसं निवलेलं नाही. म्हटलं, "तिला सगळं येतं, गुरुजी."

"येत असेल. पण ऐकणं वेगळं आणि बोलणं वेगळं. तोंडी परीक्षा बोलण्याची असते."

"एक संधी द्या."

गुरुजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली, पुन्हा घातली. "सोमवारी गैरहजर मुलांची तोंडी आहे. तिला बसवू. पण प्रश्न मीच विचारणार, आणि उत्तर मला ऐकू आलं पाहिजे. तुम्ही तिच्या वतीनं सांगायचं नाही."

त्या संध्याकाळी मी नदीकडे गेले ती नुसती डोकं शांत करायला. गावात आखाजीची चाहूल लागली होती. बाहेरच्यांना अक्षयतृतीया म्हटलं की सोनं आठवतं. आम्हां खानदेशी बायकांना आठवतात ते झाडाला टांगलेले झोके, घरी बसवलेली गौराई, माहेरी आलेल्या लेकी, आणि बार. बार म्हणजे दोन काठांवरच्या दोन गावांच्या पोरीबाळींचं भांडण. नदीच्या या अंगाला एक गाव, त्या अंगाला दुसरं, आणि मधल्या वाळूवरून गाण्यांची, टोमण्यांची, वेळ आली तर शिव्यांचीही फेकाफेक. राग कुणीच धरायचा नाही. नियम एकच: जबाब दिला की लगेच सवाल परत फेकायचा. जो गप्प राहिला तो हरला.

खरा बार आखाजीला. पण पोरी आधीपासून तोंड साफ करून घेतात. त्या संध्याकाळी काठावर सात-आठ पोरींचा घोळका होता आणि पल्याड तेवढाच. आणि घोळक्याच्या पुढे, ओढणी कमरेला खोचून, एक हात कानाशी नेऊन कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडत होतं, "तुमना गावना बठ्ठा झोपाळू! सूर्य उगना ते बी त्यासले सांगनं पडस! आते तुम्ही सांगा, काल कोन उठाडं त्यासले?"

ती कोकिळा होती. मी बाभळीच्या आड उभी राहून ऐकत राहिले. पल्याडून जबाब आला की हिचा पुढचा सवाल तयार. शब्द कसे स्वच्छ, सुटे, एकेक वाळूवरून चालत पलीकडे पोचणारा. वर्षभर मी जिच्या ओठांकडे पाहत बसले होते ती ही.

घरात पोरीला दिवसभर काय ऐकू येतं? हळू बोल. दात दिसू देऊ नको. मोठी माणसं बसलीयेत. वर्षातून एकदा, नदीच्या काठावर, हा गाव तिला म्हणतो की ओरड, आणि असं ओरड की पल्याडच्यांना ऐकू जाईल. मग मी माझ्या इंग्रजीला घेऊन तिच्या बाकापाशी कशाला ताटकळत बसले होते? जिथं तिचं तोंड उघडतं तिथं इंग्रजीनं चालत जायला नको का?

दुसऱ्या दिवशीच मी पाचवी नदीवर नेली. पण काठावर पोचताच भागाअक्का आडव्या आल्या. गौराईच्या दिवसांत काठाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. केस पांढरे, आवाज कोणत्याही सरपंचाला लाजवील असा. "आखाजीना पहिले बार? आसं कधी व्हयनं नही."

मी म्हटलं, "अक्का, हा बार नाही. शाळा आहे. पोरं इंग्रजीत सवाल-जबाब करतील."

अक्कांनी थोडा विचार केला. "इंग्रजीमा शिव्या ऱ्हातस का वं बाई?"

"असतात की. पण मी शिकवलेल्या नाहीत."

"मंग बार कसाना तो!" अक्का निराश झाल्या. पण शिव्या नसल्यानं गौराईचा मान राहतो असं त्यांनी ठरवलं आणि वाट सोडली. दगाभाऊ मात्र वेलांच्या काळजीनं वाडीतून हात हलवत होते, "येल तुडाडू नका रे, येल!"

पल्याडच्या गावची पोरं पल्याड, आमची अल्याड. पहिला सवाल मी फेकला. पलीकडून हसण्याशिवाय काही आलं नाही. दुसऱ्यांदा तेच. मग सुभाषला राहवेना, त्यानं पुढे होऊन बोंब ठोकली, "व्हॉट इज युअर नेम?" पल्याडून एकानं नाव सांगितलं, आणि बाराची सवय रक्तातच, लगेच सवाल परत मारला. झालं. वारा पश्चिमेचा होता. आवाज फाटत, चढत, वाळूवरून इकडून तिकडे जायला लागले. 'व्हॉट डू यू सी?' 'आय सी अ बफेलो! व्हॉट डू यू सी?' 'आय सी यू! यू आर अ बफेलो!' हे वाक्य मी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः जुळवलं होतं, आणि ते ऐकून मला झालेला आनंद अजून उतरलेला नाही.

कोकिळा पहिल्या दिवशी नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं ओढणी खोचली.

सोमवारी सकाळी मी मोठ्या गुरुजींपुढे उभी राहिले. "उत्तर ऐकू आलं पाहिजे, असं तुम्हीच म्हणालात. नदीच्या पल्याड ऐकू आलं तर चालेल?"

मला वाटलं, आता ताशेरा. पण माणूस शब्दाचा पक्का. छत्री घेतली आणि निघाले. मागून पोरं, पोरांमागून बाया, आणि बायांच्या पुढे भागाअक्का. शाळेची परीक्षा बघायला गाव कधी जमत नाही. त्या दिवशी जमला.

काठावर पोचल्यावर गुरुजी म्हणाले, "मी इथंच उभा राहून विचारतो."

"नाही गुरुजी. विचारणारा पल्याड."

मग मोठ्या गुरुजींनी वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं, आणि छत्री उघडी ठेवून पाण्यात पाऊल टाकलं. सगळा गाव त्या पांढऱ्या पोटऱ्या बघत होता. पल्याडच्या काठावर जाऊन ते वळले. घसा खाकरला. पहिल्यांदा आवाज पोचलाच नाही. पोरं खुदकली. दुसऱ्यांदा त्यांनी छत्री खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "व्हॉट इज युअर नेम?"

कोकिळा काठाच्या टोकाशी उभी होती. दगाभाऊ माझ्या शेजारीच वाडीच्या कुंपणाला टेकून. तिच्या पायाचा अंगठा वाळूत फिरतोय का, तेवढंच मी बघत होते. नव्हता फिरत. हात कानाशी गेला.

"माय नेम इज कोकिळा!" पल्याडच्या टेकडीवरून आवाज परत आला. आणि ती थांबली नाही. बाराचा नियम, जबाब दिला की सवाल फेकायचा. "व्हॉट इज युअर नेम?"

दगाभाऊंनी मला हळूच विचारलं, "काय बोलनी ती?"

"गुरुजींना नाव विचारलं."

"मोठा गुरुजीले?" त्यांचा चेहरा उतरला. "नाव इचारं?"

आता तिला चूक कळली होती. हात कानावरून खाली आला. पल्याड गुरुजी तसेच उभे. त्या गावात कुणी त्यांना नाव विचारलं नव्हतं, त्यांच्यासमोर कुणी घेतलं नव्हतं. पण बारात गप्प राहिला तो हरला, हे त्यांनाही ठाऊक असणार. तेही याच मातीतले. त्यांनी पुन्हा हात तोंडाशी नेले.

"माय नेम इज रामदास!"

नुसतं रामदास. ना मागे गुरुजी, ना पुढे राव. आणि मग त्यांनीही सवाल फेकला, "व्हॉट डू यू सी?" कोकिळेनं नदी सांगितली, म्हैस सांगितली, छत्री सांगितली, प्रत्येक जबाबामागे एक सवाल परत मारला, आणि गुरुजी एकेकाला उत्तर देत गेले. त्यांचा आवाज दर वेळी मोठा होत होता. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "पास!" हा शब्द इंग्रजी आहे हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण तो सगळ्यांना कळला.

भागाअक्कांनी पहिली टाळी वाजवली. दगाभाऊंनी फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "आते हाई पोर घर काय बठनार शे!" आणि वाडीतलं सगळ्यांत मोठं डांगर फोडून त्यांनी पहिली फाक नदी ओलांडून परत आलेल्या मोठ्या गुरुजींना दिली. ते ओल्या धोतरानं वाळूत बसून फाक खात होते आणि पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसली होती.

मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पुढे खूप काही शिकले, शिबिरं केली, जाड जाड पुस्तकं वाचली. त्यांत जे सांगितलंय ते आम्ही त्या वाळूत करून बसलो होतो. भीती घालवा, बोलायला कारण द्या, मुलाच्या रोजच्या खेळात भाषा सोडा. पण तेवढं लिहून भागत नाही. कुठल्या गावाला कुठली नदी आहे, हे ज्याचं त्यानं शोधावं लागतं. म्हणून त्या नव्या बाईला मी काल पुन्हा बोलावून घेतलं आणि हे सगळं सांगितलं. ती या खेपेला हसली नाही.

आणि या आखाजीला मी स्वतः गेले. बदली होऊन तिथून निघाले त्यानंतर पहिल्यांदाच. मोठे गुरुजी निवृत्त होऊन गावी गेलेत. भागाअक्का आता नाहीत. कोकिळा बारावी झाली, पिंपळनेरला नवऱ्याबरोबर एसटीडीचा बूथ चालवते. तिथं आवाज मोठाच लागतो, असं ती हसून सांगते. आखाजीला माहेरी आली होती, कडेवर लेक. आम्ही दोघी संध्याकाळी काठावर जाऊन उभ्या राहिलो. डांगरांचा वास तसाच. दोन्ही अंगांना पोरी जमल्या, एकीनं ओढणी खोचली, हात कानाशी नेला. मला वाटलं आता टोमणा येणार.

"व्हॉट इज युअर नेम?"

पल्याडून नाव आलं, नावामागून सवाल आला, आणि मग कुठे नेहमीच्या शिव्या सुरू झाल्या. मी कोकिळेकडे पाहिलं. ती नुसती हसत होती. शेजारी उभ्या असलेल्या एका परकरी पोरीला मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं गं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की, एवढंही ठाऊक नाही का या बाईला. "कोनी नही. बार आसाच ऱ्हास."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला चष्मा काढला, तेवढ्यात पल्याडच्या काठावरून एक चिमुरडा आवाज थेट माझ्या अंगावर आला, "ओ चष्मावाली! व्हॉट इज युअर नेम?"

सगळ्या पोरी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. या गावानं मला कधी नाव विचारलं नव्हतं. मी बाई होते, बाईच राहिले होते. पण गप्प राहिला तो हरला. मी पदर खोचला, हात कानाशी नेला, आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल असं ओरडले, "माय नेम इज प्रमिला! व्हॉट इज युअर नेम?"